एकवचनी तात्या, आदरार्थी तात्या

आमच्या कुत्र्याचं नाव तात्या आहे, आणि ते मीच ठेवलेलं आहे.

मेव्हण्याने कळसहून आणलेलं ते पिल्लू दिवसभर दारात पडून राहायचं, हाक मारली की एकच डोळा उघडायचं आणि ताटांचा आवाज आला की सगळ्यांच्या आधी उठायचं. आमच्या भागात अशा माणसाला तात्या म्हणतात! (मी मराठीचा मास्तर. स्वतःला विनोदी समजतो. माझी बायको शुभांगी समजत नाही.)

मग दहा वर्षांनी इंदापूरहून माझी बदली बारामतीला झाली आणि आम्ही कुत्र्यासह भाड्याचा फ्लॅट शोधू लागलो. एका मालकांनी विचारलं, "भुंकतंय का?"

"छे हो, अगदी शांत आहे."

"मग पाळलंय कशाला?" आणि फोन ठेवला!

तीन रविवार असेच गेले. घर मिळालं नाही, तर तात्याला मेव्हण्याच्या गोठ्यात ठेवायचं असं मी सुचवलं. शुभांगी म्हणाली, "तो गोठ्यात, तर मीही गोठ्यात. तुम्ही खुशाल बारामतीत राहा." ती चेष्टा करत नव्हती.

चौथ्या रविवारी देव पावला. "कुत्रं हाय? हाय तर हाय! मुकं जनावर ते," फोनवर एक मालक म्हणाले. "पुढल्या रविवारी घिऊन या त्याला."

"आपलं नाव?"

"नाव कशाला? समदी मला तात्याच म्हणत्यात!"

(इथून पुढे एकवचनी तात्या म्हणजे कुत्रा, आदरार्थी तात्या म्हणजे घरमालक. वाचकांनी व्याकरण सांभाळावं. मला सांभाळता आलं नाही.)

"खरं सांगून टाका. हसतील ते," शुभांगी म्हणाली.

"काय सांगू? तुमचं नाव कुत्र्याला ठेवलंय म्हणून?"

आठवडाभर मी तात्याला 'मोती' म्हणून हाका मारल्या. त्याने तो एक डोळासुद्धा उघडला नाही.

रविवारी पेढे घेऊन आम्ही गेलो. तात्या झोपाळ्यावर बसले होते, तात्या पायरीवर बसला.

"ह्येचं नाव काय, मास्तर?"

"मोती!" रोज फळ्यावर सुविचार लिहिणारा मी!

"मोती, ये हिकडं," तात्या म्हणाले. तात्याने जांभई दिली.

"जरा कमी ऐकू येतं त्याला," मी दुसरी थाप मारली.

फ्लॅट पसंत पडला. मालकीणकाकू चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात तात्याने मालकांची नवी कोरी चप्पल तोंडात धरली आणि माझा ताबा सुटला.

"तात्या! सोड! सोड म्हणतोय ना! एवढा म्हातारा झालास, लाज नाही वाटत?"

चप्पल काही सुटली नाही. पेढा सुटला!

तात्यांना शुगर होती, आणि काकूंची पाठ वळताच ते तिसरा पेढा उचलत होते. तो त्यांच्या हातून खाली पडला. "चुकलं, मास्तर," ते खाली मान घालून म्हणाले. "डॉक्टर नगं म्हणलाय, पर जीभ ऐकत न्हाय."

काकू धावत बाहेर आल्या. "आगं बया! चाळीस वर्सं मी घसा फोडतीया, कवा ऐकलं न्हाय! अन् मास्तरांच्या एका शब्दात सोडलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांच्या वयाचा माणूस माझी माफी मागत होता! गप्प बसलो असतो, तर फ्लॅट मिळाला असता. शुभांगीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. अगदी नाव का ठेवलं तेसुद्धा.

तात्यांनी पायाने झोपाळा थांबवला. मग पायरीकडे बघून त्यांनी हाक मारली, "तात्या!"

तात्याने चप्पल टाकली आणि तो त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

"नाव झ्याक हाय की!" तात्या म्हणाले. "त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या, माझं मला ऱ्हाऊ द्या. सामान कवा आणताय? पर मास्तर, तुमी आणल्यालं दुसरं नाव उगं वाया चाललंय."

दोन वर्षं झाली. अख्खी बिल्डिंग मला 'मोतीराव' म्हणते. आणि तात्यांची हाक आली की मी पहिल्याच हाकेला पळत जातो. मला कमी ऐकू येत नाही.