सहावा बार
नातवाच्या फटाक्यांचा वास आला, की मला जतकडची थोरल्या जाऊबाईंची विहीर आठवते. 'स्फोट' हा शब्द पेपरातला. आमच्यात बार उडायचा, माणूस भडकायचा आणि रडू फुटायचं. वाटणीनंतर आमच्या विहिरीत नुसता फुफाटा निघाला आणि बांधापलीकडं त्यांच्या विहिरीला ओल लागली. मी आतल्या आत जळत होते. एक दिवस ती विहीर आणखी खोल करायला तिथं सहा सुरुंग भरले होते. वाती पेटवून पुरुषमंडळी ओढ्यापलीकडं पळाली, आम्ही दोघी लांब लिंबाखाली बसून आवाज मोजत होतो. सगळे बार उडाल्याशिवाय विहिरीकडं फिरकायचं नाही, अशी रीत. जाऊबाईंनी टेकडीवरून आलेला पडसादही मोजला. "सहा झालं! चल, पानी बगू!" म्हणत त्या नारळ घेऊन निघाल्या. मी पाचच मोजले होते. तरी ओठ मिटून बसले. त्या पाच-सात पावलं गेल्यावर माझ्या तोंडून किंकाळी फुटली, "जाऊबाई, थांबा! एक ऱ्हायलाय!" त्या थबकल्या आणि सहावा उडाला, दगड त्यांच्या पुढ्यात पडले. मला मिठी मारून त्या रडल्या, "तुज्यामुळं वाचले गं." अजून दर दिवाळीला पहिला लाडू त्या मलाच धाडतात, आणि मी ती पाच-सात पावलं पुन्हा मोजते.