काठी कुणी उचलली?

आमच्या गावात तो शब्द मी आणला. फुशारकी म्हणून सांगत नाही, आता त्याचा पश्चात्तापच होतो. माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत गाव म्हणायचं, हिला बाहेरचं झालंय. कुणी लिंबू उतरवायला सांगे, कुणी अंगारा आणून देई. सासूबाईंनी तर मला न विचारता एका देवऋष्याला घरी बोलावून चहासुद्धा पाजला होता. मी गावातल्याच शाळेत शिकवत होते आणि माझी जीभ तेव्हाही तिखट होती. त्यानं कप खाली ठेवायच्या आत मी त्याला बाहेर काढलं.

मग पुण्याच्या दवाखान्यात हेलपाटे सुरू झाले. आज हे डॉक्टर नाहीत, उद्या ते मशीन बंद, असं करता करता वर्षं गेली. शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या लेकीबरोबर फरशीवर बसल्या, बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत खेळल्या, मला शंभर प्रश्न विचारले आणि पुन्हा बोलावलं. अशा कितीतरी भेटींनंतर म्हणाल्या, ही स्वमग्न आहे. इंग्रजीत ऑटिझम. रोग नाही, घडणच अशी आहे. एसटीत बसल्यावर मी रडले खरी, पण हातात काहीतरी आलं होतं. नाव असलेल्या गोष्टीशी भांडता येतं.

त्या संक्रांतीला मी गावातल्या झाडून सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि वाणाच्या आधी हा शब्द दिला. म्हटलं, ती नजर देत नाही ते माजानं नाही. तिला आवाज टोचतात, म्हणून कान झाकते. दिसेल ते बोलते, तुमचं मन राखायला खोटं बोलत नाही. बायकांनी वर्गातल्या पोरींसारखं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या आत्या त्यांच्यात सगळ्यांत वडील. त्या म्हणाल्या, "म्हंजी तिचं तसंच हाय, असं म्हन की सुनबाई." म्हटलं, हो, तसंच. त्या दिवसापासून लिंबं बंद झाली. "तिचं तसंच हाय" एवढ्या तीन शब्दांवर गावानं वीस वर्षं निभावून नेलं.

आमचं गाव राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणी धरणाच्या अंगाला. खोरं भाताचं. लावणी एकट्या घराच्यानं उरकत नाही, म्हणून सावड करतात. आज माझ्या खाचरात तू, उद्या तुझ्या खाचरात मी. जितकी माणसं आपण द्यायची तितकी आपल्याला परत मिळतात. लेकीची शाळा सुटली, शिवणाचा क्लास सुटला, बचत गटाच्या बैठकीतून ती उठून आली. सावड मात्र टिकली. तिथं कुणी तिच्याकडे बघत नाही, सगळ्यांच्या नजरा चिखलात. ती गप्पांत नसते, गाण्यात नसते, जेवायला चार हात लांब बांधावर बसते. पण ओळीत असते. वर्षातले तेवढे तीनेक आठवडे ती माणसांतली एक असते, आणि मी मेल्यावर हे तरी तिच्यापाशी राहील, या हिशेबानं मी जगत होते.

सावडीला निघाल्या की बायका दारोदार हाक देत जातात. आमच्या दाराशी आत्या ओरडतात, "चल गं बाय." हाक आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही आणि आल्यावर क्षणभर थांबत नाही.

यंदा लावणीच्या आधी ती क्लिप आली. कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातले एक मोठे साहेब गाडीतून उतरतात. एक म्हातारी पुढं येऊन काही सांगू लागते. साहेब तिच्याकडे न बघता म्हणतात, "तुझं ऐकायला मी रिकामा आहे का?" आणि हात झटकून पुढं जातात. एवढीच क्लिप. दोन दिवस ती सगळ्यांच्या मोबाईलवर होती. तिसऱ्या दिवशी एका वाहिनीनं संध्याकाळी चार माणसं चार चौकटींत बसवली आणि खाली लाल पट्टी चालवली: उद्धटपणा की ऑटिझम?

मी भाकरी थापत होते, ती तशीच हातात राहिली. चौकटीतला एक तज्ज्ञ सांगत होता की नजर टाळणं, समोरच्याच्या भावना न कळणं, तुटक बोलणं, ही सगळी लक्षणं साहेबांना लागू पडतात. निवेदिकेनं विचारलं, आपण त्यांना तपासलंय का? तो म्हणाला, नाही, पण व्हिडिओ पाहिलेत. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! माझ्या लेकीच्या कागदावर तो शब्द यायला वर्षं गेली होती, साहेबांना अर्ध्या तासात मिळाला, तोही घरबसल्या.

मग काय, शब्दाला पाय फुटले. साहेबांची माणसं म्हणू लागली, थोर माणसं अशीच असतात, त्यांचा दोष नाही. विरोधातली माणसं त्याच शब्दानं शिव्या देऊ लागली. दोन्हीकडून चिखल उडाला तो आमच्या अंगावर. लेकीला घेऊन मी माहेरी भोरला गेले होते. परत येताना स्टँडवर एक पोरगा सगळ्यांना ढकलून गाडीत शिरला, तर त्याचा मित्र मागून हसत ओरडला, "जाऊ द्या हो, ऑटिझम आहे त्याला!" रांग खो खो हसली. माझी लेक तिथंच कानांवर ओढणी दाबून उभी होती. एसटीचा हॉर्न तिला सोसत नाही. ती हसली नाही, तिला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. माझ्या मात्र अंगाची लाही झाली, पण गाडी सुटेल म्हणून लेकीला पुढं घालून मी आत चढले.

घरी आल्यावर मी नवऱ्यापुढं भडाभडा बोलले. म्हटलं, हा साहेब परवा त्याच्याहून मोठ्या साहेबापुढं कमरेत वाकून, डोळ्यांत डोळे घालून हसत होता, ते नाही दिसलं त्या तज्ज्ञाला? उद्धटपणा माणूस बघून करतात. आमची लेक माणूस बघत नाही. सरपंचाला आणि शेळ्या वळणाऱ्याला ती एकच उत्तर देते. आमचे हे कमी बोलणारे. म्हणाले, "पण त्याला नसंलच, हे तरी तुला कसं कळलं? तू कुठं तपासलंयस?" मला राग आला, कारण बोलणं बरोबर होतं. असेलही त्याला. आणि स्वमग्न माणूस कधी दुष्ट नसतो, असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मग दुष्टपणाला दुष्टपणा म्हणा ना, माझ्या लेकीचं नाव त्याला कशाला देता?

लावणी सुरू झाली. चौथ्या दिवशी आम्ही माझ्या चुलत जावेच्या खालच्या खाचरात होतो. दुपारी जेवण जावेच्या घरचं: तांदळाची भाकरी आणि वाटाण्याचं कालवण. लेकीनं एक घास खाल्ला आणि बांधावरून सांगितलं, "काकी, कालवण खारट झालंय. गेल्या वर्षीपण झालं होतं."

गेल्या वर्षी यावर पिकल्या भातासारख्या सगळ्या वाकून हसल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त हसली होती जाऊच. यंदा कुणी हसलं नाही. जाऊ ताट ठेवून म्हणाली, "बाई, इतकी वर्सं तुमी सांगितलं, आमी ऐकलं. आता टीव्हीवर समदं उगडं पडलं. त्यो साहेब म्हातारीला वंगाळ बोलतोय आन् म्हनं त्याला ह्योच आजार. आजार कसला, माज हाय ह्यो. तुमच्या एकटीचं हात बास हायती आमाला. हिला उद्या नगा आनू."

मी आत्यांकडे पाहिलं. त्या भाकरी मोडत राहिल्या. लेक ताटातलं संपवून उठली आणि तिनं खारट कालवण पुन्हा मागून घेतलं. तिला खारट आवडतं.

दुसऱ्या दिवशी जावेचंच वरचं खाचर होतं. लेकीला मी काही सांगितलं नाही, मला धीर झाला नाही. ती उठली, जुना ड्रेस घातला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधला आणि दारात उभी राहिली. गल्लीतून पावलं आली. शेजारच्या दाराला हाक पडली. मग पावलं आमच्या दारावरून निघून गेली आणि पलीकडच्या दाराला हाक पडली. लेक मला म्हणाली, "हाक राहिली." म्हटलं, बस आत. ती बसली नाही. दुपार व्हायला आली तरी कागद बांधून तशीच उभी होती, कारण हाक राहिली होती आणि राहिलेली गोष्ट नंतर होतेच, असा तिचा समज आहे.

मग मात्र मला राहवलं नाही. मी तरातरा खाचरावर गेले आणि बांधावर उभी राहून बायकांची शाळा घेतली. स्वमग्न म्हणजे काय, माज म्हणजे काय, इतक्या वर्षांत तिनं कुणाचं काय वाकडं केलं, सगळं बोलले. आवाज खोऱ्यात घुमला असेल. एकीनंही मान वर केली नाही. तरव्याच्या जुड्या सुटत होत्या, रोपं चिखलात जात होती. नजर कुणीच देत नव्हतं. त्या तज्ज्ञाला इथं आणून उभा केला असता तर त्यानं सगळी सावड स्वमग्न ठरवली असती. घसा बसल्यावर मी घरी आले. वीस वर्षांपूर्वी शब्द देऊन त्यांना जिंकलं होतं, आता त्याच शब्दानं हरले होते.

संध्याकाळी लेक माझा मोबाईल घेऊन बसली होती. तीच क्लिप. साहेब उतरतात, म्हातारी पुढं येते, साहेब हात झटकतात. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी मोबाईल हिसकावला. "कशाला बघतेस त्या मेल्याला?"

"त्याला नाही बघत," ती म्हणाली. "तिची काठी पडली. कुणी उचलली?"

मी क्लिप लावली. साहेबाचा हात म्हातारीच्या हाताला लागतो आणि कडेला, गाडीच्या चाकाजवळ, एक काठी पडते. म्हातारी एका हातानं हवेत काहीतरी धरायला जाते. तिथं क्लिप संपते. ही क्लिप मी किती वेळा पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी साहेबाचं तोंड पाहिलं होतं. चौकटीतल्या चौघांनीही तेच पाहिलं असणार.

"दिली असेल कुणीतरी," मी म्हटलं.

"दिसत नाही," ती म्हणाली. "काठीशिवाय ती घरी कशी जाईल?"

समोरच्याच्या भावना हिला कळत नाहीत, असं कागदावर लिहिलेलं आहे. त्या कागदाच्या मी किती झेरॉक्स काढून ठेवल्यात.

दुसऱ्या दिवशी पाळी आत्यांच्या खाचराची होती. आत्यांनी हाक दिली, जरा जास्तच मोठ्यानं. दुपारी जेवताना लेकीनं बांधावरून सगळ्यांना विचारलं, "त्या म्हातारीची काठी कुणी उचलली?" बायकांना कळेना. मी मोबाईल आत्यांच्या हातात दिला, तोंडातून शब्द काढला नाही. तो या हातातून त्या हातात गेला, जावेपर्यंत गेला. जावेनं दोनदा पाहिलं. तिची आई अशीच काठी घेऊन चालायची. "अगं बया," एवढंच ती म्हणाली, आणि मोबाईल पदराला पुसून परत दिला.

जावेचा वरच्या खाचराचा एक तुकडा लावायचा राहिला होता. तो लावायच्या सकाळी लेक पुन्हा कागद बांधून दारात उभी राहिली. मी चुलीपाशी नुसतीच कान देऊन बसले होते. पावलं आली आणि आमच्या दाराशी थांबली. हाक मात्र आली नाही. मी डोकावून पाहिलं, तर गल्लीत जाऊ एकटी उभी. नको म्हणून सांगितलेलं तोंड, आता हाक कशी द्यावी हे तिला उमगेना. आणि हाकेशिवाय लेक हलेना. दोघी एकमेकींच्या पायांकडे बघत होत्या. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, मी ती गिळली.

शेवटी लेकच म्हणाली, "काकी, काठी कुणी दिली?"

जावेनं पदर पुन्हा कमरेला खोचला. मग म्हणाली, "मला न्हाई ठावं, बाय. खरंच न्हाई ठावं." आणि खाली बघतच पुढं म्हणाली, "चल गं."

लेक उंबरा उतरली. दोघी गल्लीनं खाचराकडे गेल्या. लेक नेहमीसारखी चार हात मागं होती.

तो शब्द मी आता गावात काढत नाही. साहेब हल्ली पुन्हा टीव्हीवर दिसतात, हात जोडून हसत असतात. ते दिसले की लेक खोलीत येऊन पडद्याच्या कडेला बघते, गाडी असली तर चाकाजवळ. ती म्हातारी त्या दिवशी घरी कशी गेली, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.