ओळंबा आणि वाकडा बुरूज

पार्कात सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. तोंडावर नाही हां, तोंडावर म्हणायचे मिस्त्री. ओळंबा म्हणजे गवंडी भिंतीवरून सोडतो तो दोरीला बांधलेला लोखंडी गोळा. भिंत सरळ आहे की कललेली, ते तो मुकाट्यानं सांगतो. हा ओळंबा मुकाट्यानं सांगणाऱ्यातला नव्हता. तुम्ही विचारा, न विचारा, तो सांगणार म्हणजे सांगणार. न्हाव्याकडे दाढीला बसला की आधी त्याचा आरसा सरळ करायचा. दवाखान्यात गेला की डॉक्टरनं नाडी धरायच्या आत हा उठून भिंतीवरचं कॅलेंडर नीट लावायचा. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरचं स्टँड कललंय म्हणून ऐन फोटोच्या वेळी खुर्चीवरून उठला, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. त्या फोटोत त्याची बायको एकटीच बसली आहे, शेजारी रिकामी खुर्ची. बायको अजूनही पाहुण्यांना तो फोटो दाखवते आणि खुर्चीवर बोट ठेवून म्हणते, "हे आमचे हे."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण या खोडीवरच त्याचं पोट चालायचं, हेही खरं. पार्कातली सगळी जुनी यंत्रं त्याच्या ताब्यात होती. लहान मुलांची आगगाडी, झुलतं जहाज, गरगर फिरणारे मोठाले कप. ज्या कंपनीनं ती बनवली ती केव्हाच बुडाली होती, त्यामुळे सुटे भाग बाजारात मिळायचा प्रश्नच नव्हता. ओळंबा ते लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे बसून, त्याच्याशी भांडून, करून आणायचा. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी तो हातोडी घेऊन रुळांवरून चालायचा आणि एकेक बोल्ट वाजवून बघायचा. घट्ट बोल्ट वेगळा वाजतो, सैल वेगळा. सकाळी हातोडीचा आवाज आला की झाडूवाल्या बायका म्हणायच्या, "आला, पेटी वाजवायला आला."

अलीकडे पार्कात नवं खूळ आलं होतं. अंधार पडला की आगगाडीच्या बोगद्यावरच्या खोट्या राजवाड्यावर यंत्रातून चित्रं टाकायची. दगडी दिसणाऱ्या भिंतीला पाय फुटायचे, खिडक्यांतून मासे पोहत यायचे, मधल्या बुरुजाची राणी व्हायची आणि लोकांशी बोलायची. शेवटी आकाशात शोभेची दारू उडायची. लोक वेडे झाले होते. ओळंब्याला त्याचं भारी दुःख. "चाकं आम्ही फिरवायची, आणि लोक बघणार काय, तर भिंतीवरचा उजेड," तो म्हणायचा. खेळ सुरू झाला की तो हटकून राजवाड्याकडे पाठ करून जहाजाच्या सांध्यांत ग्रीस भरत बसायचा. त्यामुळे इतक्या दिवसांत त्यानं तो खेळ एकदाही बघितला नव्हता.

आता मुख्य दुखणं सांगतो. ते पार्कातलं नव्हतं, घरातलं होतं.

ओळंब्याला एकच मुलगी. ती गावातच दिलेली. लग्नानंतर विहीणबाईंनी ओळंब्याला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. जेवण झालं, पानं उचलली, गप्पा रंगात आल्या, आणि ओळंब्याची नजर भिंतीवर गेली. तिथं वारलेल्या व्याह्यांचा फोटो होता. चांगला दोन बोटं उजवीकडे कललेला. बायकोनं डोळे वटारले. मुलीनं "बाबा, सुपारी घ्या" म्हणून ताटली पुढं केली. कशाचा काय उपयोग? हा खुर्चीवर चढला आणि फोटो सरळ करून खाली उतरला. वर हात झटकून म्हणाला, "आता कसं छान दिसतं." विहीणबाई उठून आत गेल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायकोनं धरून नेलं तेव्हा त्यानं दारात उभं राहून माफी मागितली. नुसती मागितली असती तर भागलं असतं. "चुकलं माझं," तो म्हणाला, "पण फोटो वाकडा होता, एवढं तुम्हीही कबूल कराल." दार लागलं.

तेव्हापासून मुलीचं माहेरी येणं बंद झालं. विहीणबाईंनी नाही म्हटलं नव्हतं. त्या एवढंच म्हणायच्या, "जा की. तुझ्या माहेरी सगळं सरळ असतं, आम्हा वाकड्यांची आठवण कशाला येईल?" मग मुलीचा पाय निघायचा नाही. फोनवर "बरी आहे बाबा, तुम्ही जेवलात का" एवढं बोलून ठेवून द्यायची. ओळंब्याला पोरीवाचून घर खायला उठायचं. संध्याकाळी तो तिच्या खोलीत जाऊन बसायचा. तिथं सरळ करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

शेवटी बायकोनंच डोकं चालवलं. पार्कातल्या लोकांना घरच्यांसाठी खेळाचे पास मिळायचे. तिनं विहीणबाईंना फोन करून असा काही आग्रह केला की त्या नाही म्हणूच शकल्या नाहीत. त्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "आज त्या येताहेत. आज कुणाचं काही सरळ करायचं नाही. पोरीला चार दिवस घरी आणायचं असेल तर हात खिशात ठेवायचे."

ओळंबा कबूल झाला. मनापासून कबूल झाला. पण दुपारी जेवणाचा डबा उघडून राजवाड्यासमोर बसला आणि घास हातातच राहिला. समोरचा मधला बुरूज डावीकडे कललेला होता. आजचा नाही, फार जुना. खालची जमीन एका बाजूला दबली होती. इंजिनिअर बघून गेला होता, पडण्याची भीती नाही म्हणाला होता, आणि वरून साहेबांचा हुकूम होता की त्याला हात लावायचा नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तो त्या बाजूला बघायचंच टाळायचा. पण आज विहीणबाई इथं समोर बसणार. काय म्हणतील त्या? दुसऱ्याच्या घरी खुर्चीवर चढून फोटो सरळ करतात, आणि स्वतःचा एवढा मोठा बुरूज वाकडा. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. झालं, जेवण गोड लागेना.

बुरूज लाकडी फळ्यांचा होता, आत लोखंडी सांगाडा आणि मागून डावी-उजवीकडे ताणून बांधलेले लोखंडी दोर. ओळंब्यानं पाना घेतला. उजवा दोर आवळला, डावा तेवढाच सोडला. दोरीचा ओळंबा सोडून बघितला, पुन्हा आवळला. संध्याकाळपर्यंत बुरूज असा सरळ उभा राहिला की बघून त्याचे डोळे निवले. हात धुऊन, केस विंचरून तो पाहुण्यांना घ्यायला फाटकावर गेला.

विहीणबाई आल्या. त्यांनी नमस्कार केला, पण तो ओळंब्याच्या बायकोला. पहिल्या रांगेत त्या बसल्या, शेजारी मुलगी, मग बायको. ओळंबा कडेला उभा राहिला. दिवस मावळला, आणि चित्रवाल्यानं खेळाआधीची तपासणी म्हणून यंत्र लावलं.

बुरुजावर राणी आली. रोज तिचे डोळे बरोबर दोन खिडक्यांवर यायचे आणि सज्जा तिचं तोंड व्हायचा. आज एक डोळा खिडकीच्या शेजारी पडला आणि दुसरा बुरूज सोडून मागच्या झाडावर. तोंड गालावर गेलं. नाकाच्या जागी पावसाच्या पाण्याचा नळ आला. अशा अवतारात ती गोड आवाजात म्हणाली, "या, माझ्या राज्यात तुमचं स्वागत आहे." मागच्या रांगेतलं एक मूल भोकाड पसरून रडायला लागलं.

चित्रवाला लोकांच्या मागच्या उंच खोलीतून धावत खाली आला. बुरूज जसा वाकडा उभा होता तसाच मापून त्यानं महिनाभर खपून चित्रं बसवली होती. सगळं पुन्हा जुळवायचं तर उद्याचा दिवस जाणार. "कुणी हलवला?" तो म्हणाला. ओळंब्याच्या हातात अजून पान्याचं तेल होतं.

साहेब आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, होता तसा वाकडा करा." आणि हे सगळं पहिल्या रांगेच्या पुढ्यात. विहीणबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या हसतात की चिडल्यात, ते कळेना.

ओळंबा बुरुजामागे गेला. दोर सोडायचे-आवळायचे मागून, चित्र दिसणार पुढून. चित्रवाला वर यंत्रापाशी परत गेला, पण त्याच्या वायरलेसमधून नुसती खरखर यायची. म्हणून बायको पुढं येऊन सांगायला उभी राहिली. ओळंब्यानं पाना दोनदा फिरवला, आणि त्याचा हात आपोआप थांबला. जन्मभर ज्या हातानं सरळच केलं, त्याला वाकडं करायला सांगितल्यावर तो तरी काय करणार? "पुरे का?" त्यानं विचारलं. "पुरे," बायको म्हणाली. राणीचा डोळा अजून झाडावरच होता. मग मुलगी आली. तिनंही अर्ध्यावरच "बस, बाबा" म्हटलं. दोघी इतकी वर्षं याच्या सहवासात. त्यांच्या नजरेलाही तेच वळण लागलेलं, वाकडं दिसलं की जीव घाबरा व्हायचा.

तेवढ्यात कठड्यापाशी विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या.

"अजून," त्या म्हणाल्या.

फोटोच्या त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी उच्चारलेला हा पहिला शब्द. ओळंब्यानं पाना फिरवला.

"अजून. हात आखडता घेऊ नका, व्याही."

"फार होईल हो, विहीणबाई."

"होऊ दे. तिचा डोळा अजून झाडावर आहे. अजून. अजून. हं, आता खिडकीत आला. आता नाकाचं बघा. थोडं. अगदी तांदळाएवढं." आणि मग एकदम, "थांबा. आता हात लावू नका."

मागं शिट्ट्या आणि टाळ्या झाल्या. ओळंबा बाहेर आला. बुरूज होता तसा वाकडा, आणि त्यावर राणीचा चेहरा रेखीव. त्याला एकीकडे कसंनुसं झालं आणि एकीकडे हायसं वाटलं. लोकांना खाली बसा खाली बसा म्हणताना साहेबांनी त्यालाही खाली बसवलं, आणि मोकळी खुर्ची होती ती नेमकी विहीणबाईंच्या शेजारी.

खेळ सुरू झाला. भिंतीतून मासे आले, राणी बोलली. ओळंबा पहिल्यांदाच बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला आवडत होतं. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमचे हे असते तर मान कलती करून बघत बसले असते."

ओळंब्यानं त्यांच्याकडे बघितलं. "कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"जन्मापासून?"

"छे हो. टेलिफोनच्या कचेरीत होते. फोन कानाला लावून खांद्यानं दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी काम करायचं. मान तशीच राहिली. फोटोवाल्यानं हनुवटी धरून सरळ केली. फोटो घरी आला तर मला ओळखूच येईनात. दुसराच कोणी माणूस. मग मी फ्रेमच कलती लावली, तेव्हा कुठं आमचे हे दिसले."

आगगाडीचं चाक ज्या बाजूनं झिजतं त्याच बाजूनं परत बसवावं लागतं, उलटं बसवलं तर किंचाळतं. हे ओळंब्यानं लेथवाल्याला हजारदा सांगितलं होतं. लोखंडाचं त्याला कळत होतं, आणि माणसाचं साधं विचारावं एवढंही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मी आधी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवंच होतं," विहीणबाई म्हणाल्या.

त्या पुढच्या 'पण'ची वाट बघत राहिल्या. ओळंबा पुढं काहीच बोलला नाही. वर दारू उडायला लागली, त्या धडाक्यात कुणाचं कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

खेळ संपला. माणसं उठली, मुलं झोपाळून खांद्यावर गेली. पोरीला चार दिवस पाठवा, एवढंच ओळंब्याला म्हणायचं होतं, पण जीभ रेटेना. एवढा तोंडाळ माणूस, आणि नको तेव्हा मुका. मुलगी खाली मान घालून विहीणबाईंच्या चपला शोधत होती, खरं तर त्या त्यांच्या पायातच होत्या.

"ही चार दिवस तुमच्याकडे राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "कपडे भरूनच आली आहे. घरून निघताना पदराआड पिशवी लपवत होती, ती आता खुर्चीखाली आहे. मला म्हातारीला काय, दिसत नाही वाटतं?"

मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओळंबा पिशवी काढायला खुर्चीखाली वाकला, आणि वर यायचं नावच घेईना. बायकोला वाटलं, याची कंबर धरली. ती हात द्यायला खाली वाकली, तर हा पिशवी पोटाशी धरून रडत होता.