चौकोनी जिल्ह्याचा पाहुणा

शेठच्या पुतण्याचं लग्न निघालं तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. विषय इंग्रजी होता म्हणजे मला इंग्रजी येत होतं असं मुळीच नाही. गाईडं पाठ करायची आणि पेपरात उतरवायची, एवढंच. पण सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत माझं नाव फार मोठं होतं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो नाहीतर टीव्हीच्या खोक्यावरच्या सूचना, सगळं वाचायला आमच्याकडे यायचं. मला न समजलेलंही मी ठणकावून सांगायचे. खोकल्याचं औषध पोटात घ्यायचं, एवढं तर बरोबर सांगत होते.

शेठ म्हणजे माझे वडील ज्यांच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे ते गुजराती मालक. त्यांचा पुतण्या अमेरिकेत मोटेल चालवायचा. अमेरिका म्हटलं की आम्हाला काचेच्या उंच इमारती दिसायच्या. पण पुतण्याचं मोटेल होतं भर मक्याच्या शेतात. त्याच्या शेजारी एक म्हातारा शेतकरी राहायचा. बर्फात पुतण्याची गाडी अडकली की हा ट्रॅक्टर लावून ओढून काढायचा. त्या उपकाराची जाण ठेवून पुतण्याने त्याला लग्नाचं बोलावणं केलं, आणि तो खरंच आला.

शेठ स्वतः आमच्या घरी आले. "दीकरी, तारुं इंग्लिश सारुं छे," म्हणाले. "आमच्या घरात सगळे लग्नाच्या गडबडीत. पाहुण्याबरोबर बोलायला कोणी नाही. तू रहा जरा."

वडिलांची छाती फुगली आणि माझी पाचावर धारण बसली.

पाहुणा सहा फुटांच्या वर, लालबुंद चेहऱ्याचा, डोक्यावर टोपी. खिशात तोंडाला बांधायच्या पट्ट्यांचं पुडकं. सुरतेत प्लेग आल्याची बातमी त्याच्या गावापर्यंत पोचली होती, प्लेग गेल्याची पोचली नव्हती. शेठच्या दिवाणखान्यात पहिल्या दिवशी तो पट्टी बांधूनच बसला होता. मग फाफडा समोर आला, त्याने पट्टी खाली ओढली, आणि ती पुन्हा काही वर गेली नाही.

त्याच्याशी काय बोलायचं, ही माझी काळजी व्यर्थ ठरली. त्याला एकच विषय होता, त्याची काउंटी. फौजेत असतानाचा काळ सोडला तर तो तिच्याबाहेर फारसा गेलेलाच नव्हता. तिथल्या जुन्या गोष्टी जमवणारी म्हाताऱ्या लोकांची एक मंडळी होती आणि हा तिचा प्रमुख. पहिली गिरणी कोणी घातली, पहिला रस्ता कुठून गेला, नदीला पूर आला तेव्हा कोर्टाच्या पायरीला पाणी कसं लागलं, हे सगळं तो देवाची आरती म्हणावी तसं न थांबता म्हणायचा. मी मधूनमधून "यस, यस" म्हणायचे. वधूपक्षाकडचे लोक कौतुकाने बघत होते. त्यांना वाटत होतं, काय अस्खलित चाललंय!

लग्न झालं. पाहुण्याच्या हाती एक दिवस मोकळा होता. शेठ म्हणाले, गाडी देतो, डुमस दाखव. पाहुणा म्हणाला, समुद्र नको, मला ही मुलगी राहते ती जागा दाखवा.

आता आली पंचाईत. आईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. आमचं घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. पण वडील म्हणाले, येऊ दे, जेवूनच जाईल. सकाळपासून हिरवी वांगी भाजणं सुरू झालं. कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा. आई म्हणाली, "तिखट कमी टाकते." म्हणजे किती कमी, ते पाहुण्याने पहिला घास घेतला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा आधीच लाल होता. तो आणखी कुठला रंग घेऊ शकतो हे गल्लीने त्या दिवशी पाहिलं. त्याने अर्धा तांब्या पाणी प्यायलं, डोळे पुसले आणि दुसरी भाकरी मागितली. तिथेच आईने त्याला आपलं मानलं.

खोलीत मावणं शक्य नव्हतं, म्हणून बाहेर खाट टाकली. खाटेवर पाहुणा, शेजारी खुर्चीवर मी, आणि समोर गल्ली. दिवसपाळीचे कामावर होते, पण रातपाळीचे झोप सोडून आले होते.

पाहुण्याने बोलायला सुरुवात केली. "माय काउंटी" असं, "माय काउंटी" तसं. थोड्या वेळाने आई मला कोपराने ढोसून कुजबुजली, "व माय, हाऊ बाबा कवयचा कंट्री कंट्री काय करी ऱ्हायना?"

कंट्री म्हणजे आमच्याकडे देशी दारू. गुजरातेत दारूबंदी, म्हातारा पाहुणा भर दुपारी चारचौघांत माझी कंट्री, माझी कंट्री करतोय, आणि मी मान डोलावतेय! मागच्या बाजूने एक रातपाळीवाला हळूच पुढे सरकला आणि मला विचारू लागला, "ताई, आणली आहे का बरोबर? कितीला देतो म्हणतो?"

मी घाईघाईने सगळ्यांना सांगितलं की काउंटी म्हणजे जिल्हा. दारूचा संबंध नाही. दोघंतिघं लगेच उठून झोपायला गेले.

जिल्हा म्हटल्यावर वडील सावरून बसले. ते धुळे जिल्ह्यातले. जिल्हा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "त्याना जिल्हामा कितला लोके शेतस, इचार बरं."

मी विचारलं. पाहुण्याने आकडा सांगितला. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तोच सांगितला. आकडा हजारांत होता, आणि हजारही हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. मी भाषांतर केलं तर गल्ली माझ्याकडे संशयाने बघायला लागली.

"शून्य खाल्लंस का गं एखादं?" खानावळवाल्या मावशी म्हणाल्या. मावशी आमच्याच खान्देशातल्या, गल्लीच्या तोंडाशी त्यांची खानावळ होती. लूमवरचे निम्मे कारीगर त्यांच्याकडेच जेवायचे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. "एवढी माणसं तर शेजारच्या नवागामच्या एका कोपऱ्यात निघतील."

"मग कलेक्टर दिवसभर करतो काय?" वडिलांनी विचारलं.

पाहुणा म्हणाला, कलेक्टर वगैरे कोणी नसतो. शेतकऱ्यांमधूनच चार जण निवडून येतात आणि ते कारभार बघतात. शेरीफसुद्धा निवडून येतो. शेरीफ म्हणजे काय ते मला कळलं होतं, तेवढं इंग्रजी माझं होतं. मी म्हटलं, "तिथे फौजदार मतदानाने निवडतात."



"म्हणजे," एक जण सावकाश म्हणाला, "फौजदार मत मागायला आपल्या दारात येतो? हात जोडून?"

मी पाहुण्याला विचारलं. तो म्हणाला, हो, मागच्या वेळी तर तो माझ्या गोठ्यात येऊन दूध काढू लागला होता.

हे मी सांगितलं आणि पुढची पाच मिनिटं कोणालाच काही सांगता आलं नाही. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. एकाला ठसका लागला. आमच्या हद्दीतला फौजदार कोणाच्या तरी म्हशीखाली बादली घेऊन बसला आहे, हे चित्र ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. पाहुण्याला वाटलं, त्याने काहीतरी फार मोठा विनोद केला. तोही हसायला लागला.

मग भूगोल निघाला. त्याने सांगितलं, जमीन सपाट, एक नदी, एक टेकडी, आणि त्या टेकडीला ते डोंगर म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेले माझे वडील यावर नुसतेच सौजन्याने हसले. जिल्ह्याचा आकार कसा, तर चौकोनी. त्याने मातीत काडीने काढून दाखवला. चारी बाजू सरळ.

"असा कसा जिल्हा?" आई म्हणाली. "हद्दीला नदी नाही, नाला नाही, पट्टी लावून काढल्यासारखा?"

"पट्टी लावूनच काढला," पाहुणा म्हणाला. "आमचे लोक तिथे पोचायच्या आधीच नकाशावर रेघा मारून झाल्या होत्या."

"बरंय," आई म्हणाली, "भावाभावांना वाटणीला सोपं."

आता त्याची पाळी होती. त्याने विचारलं, तुमच्या या गल्लीत माणसं किती?

साधा प्रश्न. पण उत्तर कोणालाच देता येईना. एकेका खोलीपासून मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या खोलीतच गाडी अडली. त्या खोलीत कारीगर राहायचे, निम्मे दिवसपाळीचे, निम्मे रातपाळीचे. जेवढ्या खाटा त्याच्या दुप्पट माणसं. एक उठला की दुसरा आडवा होतो.

"मग खाटा मोजायच्या की माणसं?" मोजणाऱ्याने विचारलं.

मी पाहुण्याला समजावलं. त्याला काही केल्या पटेना. समोर डोळे चोळत बसलेल्या एका कारीगराकडे बोट करून त्याने विचारलं, "याच्या खाटेवर आता कोणी नाही. पण रात्री जो झोपतो, तो कसा आहे माणूस?"

मी कारीगराला विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला, "चांगला असावा. चादर नीट घडी करून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी दिसतो कधी कधी, पण तो सिनेमाला जातो."

पाहुणा टोपी काढून डोकं खाजवत राहिला. त्याच्या जवळचा शेजारी म्हणजे पुतण्याचं मोटेल, आणि तेही गाडीने जायच्या अंतरावर. इथे दोन माणसं वर्षभर एका खाटेवर झोपत होती आणि धड ओळख नव्हती.

लोकसंख्या सोडून देऊन तो इतिहासावर आला. म्हणाला, आमच्याकडे पहिल्यांदा येऊन राहिला त्या माणसाच्या नावाचा दगड आहे. तुमच्याकडे पहिला कोण आला?

"मी," खानावळवाल्या मावशी म्हणाल्या. "इथे नुसती शेतं होती. दिवा दिसायचा तो थेट पर्वत पाटियाच्या नाक्यावर."

मी भाषांतर केलं. पाहुणा ताडकन उठून उभा राहिला. टोपी छातीशी धरली आणि वाकून मावशींचा हात हातात घेतला. म्हणाला, "मी आयुष्यभर इतिहास जमवला, पण जिवंत संस्थापक पहिल्यांदा बघतोय." मावशींनी पदर सावरला. असा मान त्यांना सख्ख्या जावयानेही दिला नव्हता. पाहुण्याने कॅमेरा काढला.

इतक्यात मागून आवाज आला. "ह्या कशाच्या पहिल्या? मी आलो तव्हा ही बाई हितं नव्हतीच!"

हे परभणीकडचे मुकादम. बांधकामावर माणसं पुरवायचे. निम्म्या गल्लीच्या भिंती आपणच उभ्या केल्या, असं त्यांचं म्हणणं.

"तुम्ही आलात तेव्हा माझ्याच ओट्यावर जेवलात," मावशी म्हणाल्या.

"ओटाच मी बांधला! मंग जेवलो!"

झालं. खान्देश एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला. विहीर आधी की ओटा आधी, कोणाच्या लग्नाच्या वर्षी खांबाला दिवा लागला, कोणी कोणाचं सामान टेम्पोतून उतरवलं, सगळं निघालं. त्यात कोणीतरी कोणाच्या तरी वडिलांवर घसरलं. पाहुणा मला सारखा विचारत होता, काय म्हणतात? काय म्हणतात?

मी म्हटलं, "इतिहासावर चर्चा चालू आहे."

त्याला भलताच आनंद झाला. म्हणाला, अगदी आमच्यासारखंच. त्याच्याकडे दोन घराण्यांचं शंभरेक वर्षांपासून याच गोष्टीवरून वैर होतं आणि ती चर्चमध्ये एका बाकावर बसत नव्हती. मग म्हणाला, "खरं तर दगडावर लिहिलंय तेही खरं नाही. आम्ही आलो त्याआधी तिथे माणसं राहत होती. त्यांना फौजेने हाकललं. त्यांचा दगड नाही."

मी ते सांगितलं. भांडण आपोआप थंडावलं. मुकादम म्हणाले, "तसं म्हटलं तर हितं पण शेतं कुणाची तरी होतीच की." मावशींनी मुकादमांसाठीही चहा टाकायला सांगितला.

चहा पिता पिता पाहुणा म्हणाला की काउंटीची माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. तरुण मुलं शिकतात आणि शहरात जातात, परत येत नाहीत. एक शाळा बंद पडली, दुसरी पडेल. हे सांगताना तो गल्लीकडे बघत नव्हता, आपल्या बुटांकडे बघत होता.

वडील म्हणाले, "त्याले सांग, आमनं गावनं बी तेच शे. गाव सोडीसन निंघी ग्यात, त्या पोरे म्हणजे आम्हीच."

मी सांगितलं, की मुलं सोडून गेलेली गावं आमच्याकडेही आहेत, आणि ती मुलं म्हणजे हे सगळे तुमच्यासमोर बसलेले. हे एकच वाक्य त्या दिवशी मी न अडखळता बोलले असेन. म्हातारा सगळ्यांकडे पाहत राहिला, एकेकाच्या चेहऱ्याकडे, जणू त्यात कोणी ओळखीचं सापडतंय का. मग त्याने वडिलांना विचारलं, कधी परत जावंसं वाटतं का? वडील म्हणाले, आखाजीच्या सणाला जातो, दोन दिवसांत कंटाळतो, परत येतो, आणि परत आलो की गाव आठवतं. पाहुण्याने मान डोलावली. ते त्याला भाषांतराच्या आधीच समजलं असावं असं मला वाटलं.

शेठची गाडी आली. आईने त्याला ठेच्याची बरणी दिली. विमानतळावर तिचं काय झालं, देव जाणे.

पुढे पुतण्या बायकोला घेऊन सुरतेला आला तेव्हा गंमत कळली. म्हाताऱ्याने परत गेल्यावर काउंटीच्या वाचनालयात भाषण दिलं होतं. विषय, गोडादऱ्यातल्या एका गल्लीचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. शेजारपाजारचे शेतकरी बायकापोरांसह आले होते. सगळ्यात जास्त प्रश्न खाटेबद्दल विचारले गेले. तिथला फौजदारसुद्धा आला होता आणि आपल्यावर गोडादऱ्यात लोक एवढे हसले हे कळल्यावर तो चिडला नाही, उलट पुढच्या निवडणुकीत ते सांगत फिरला. भिंतीवर मावशींचा फोटो लावला होता, खाली लिहिलं होतं, 'संस्थापिका'.

ही बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून, शेठच्या बंगल्यासमोर हजर झाले. पुतण्या दात घासत बाहेर आला. मुकादम म्हणाले, "एक फोटो काढा माझा. आन् तिकडं नेऊन त्या बाईच्या शेजारी लावा."

पुतण्याने तोंडात ब्रश तसाच ठेवून फोटो काढला. मुकादम हसले नाहीत. दगडावर कोरायला द्यायचा चेहरा कसा असावा, तसा चेहरा करून ते उभे होते.