टोपी-पट्टा काढून केलेलं भाषण

बोर धरणाच्या अंगाला, जंगलाला लागून आमचं गाव. पिकं राखायला म्हणून मोजक्या घरांत परवान्याच्या बंदुका होत्या आणि निवडणूक आली की त्या पोलीस चौकीत जमा व्हायच्या. बाबा त्या चौकीत जमादार होते. प्रत्येक बंदुकीला मालकाच्या नावाची चिंधी बांधून ते साऱ्या भिंतीशी उभ्या करायचे. मी वर्ध्याला इंग्रजी शाळेत होते. शनिवारी एसटीने घरी आले, की बाबांचा डबा चौकीच्या पायरीवर ठेवून परत फिरायचे. आत चार माणसं बसलेली असली की माझा पाय आत पडत नसे.

आणीबाणीत जमा झालेल्या बंदुका ती उठल्यावरही परत मिळाल्या नव्हत्या. तेवढ्यात पुन्हा निवडणूक आली. रानडुकरांनी त्या हंगामात हरभरा मुळापासून उकरला. आमच्याही वावरात सकाळी नुसते खड्डे दिसायचे. बौद्धवाड्यातल्या शेतकऱ्यांची वावरं तर जंगलाच्या अगदी तोंडाशी होती, पण परवाना त्यांच्यातल्या एकालाही नव्हता. घरी जेवताना बाबा हेच बोलत. वावर आहे त्याला बंदूक मिळाली पाहिजे, ती सरकारची मेहरबानी नाही, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, जेवा आधी.

बाजाराच्या दिवशी विरोधी उमेदवाराची सभा झाली. मी बायकांमागे उभी होते. बाबा बंदोबस्तावर होते. उमेदवार डुकरांवर बोलायला लागला तसा मागून कोणीतरी ओरडला, "जमादार, बंदुका तं तुमच्याचपाशी हायेत. सांगा ना, काऊन देऊन नाई राह्यले?" माणसं हसली. बाबाही हसले. मग त्यांनी टोपी काढली, पट्टा सोडला, दोन्ही शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवले आणि मंचावर चढले.

टोपी-पट्टा उतरवला की शिपाई ड्यूटीवर नसतो, हे चौकीत सगळे मानत. चहासुद्धा ते तसाच पीत. आता मी शेतकरी म्हणून बोलतो, एवढंच बाबांना त्यातून सांगायचं होतं. ते फार बोललेही नाहीत. "डुक्कर परवाना पाहून वावरात शिरत नाई," म्हणाले, आणि ज्याचं वावर जंगलाला लागून आहे त्याला बंदुकीचा हक्क देईल त्यालाच मत द्या, असं सांगून खाली उतरले. खूप टाळ्या पडल्या. मला ते आवडलं.

आठवड्याभरात त्यांना निलंबित केलं. चौकशीच्या आधी फौजदार घरी आले. ते पुण्याकडचे, बाबांना मानणारे. चहा घेताना त्यांनी वाट दाखवली: लोक गोंधळ करत होते, त्यांना शांत करायला वर चढलो, एवढंच म्हणा. गावातला कोणी उलट साक्ष देणार नाही. आई दाराआडून म्हणाली, "म्हना ना तसं. डुकरायसाठी नोकरी घालवता का?"

बाबांना वाटत होतं, खोटं बोलायची गरजच नाही. चौकशीत त्यांनी सरळ सांगितलं, बोललो, पण टोपी-पट्टा काढून बोललो. तेच त्यांच्यावर उलटलं. टोपी काढली, म्हणजे असं बोलू नये हे ठाऊक होतं, असा अर्थ काढला गेला. अंगात खाकी सदरा तर होताच. त्यांना बडतर्फ केलं.

पोलिसांचं क्वार्टर सोडून आम्ही गावातल्याच आमच्या घरी राहायला गेलो. बंदुका ज्यांच्या होत्या त्यांना परत मिळाल्या. नवीन परवाना कोणालाच मिळाला नाही. तो उमेदवार निवडून आला. त्याची जीप आमच्या वावरावरून गेली तेव्हा बाबांनी हात वर केला होता. ती थांबली नाही.

नंतर कित्येक वर्षं, कॉलेजातून घरी आले की मी त्यांना वावरात डुकरं हाकलायला पत्र्याचा डबा वाजवताना बघायचे. मध्येच त्यांचा हात कपाळाकडे जायचा, टोपी सारखी करायला, आणि केसांवरून फिरून खाली यायचा. एकदा बांधावर बसल्या बसल्या ते आपणहून म्हणाले, "टोपी काढाले नाई पायजे होती."

"मग नोकरी वाचली असती का?"

"नाई वं. नोकरी तं गेलीच असती." डब्याची दोरी ते बोटाला गुंडाळत राहिले. "पन मंग जमादार बोलला असता, बंदुका ज्याच्यापाशी होत्या तो."

पलीकडच्या तुरीत काहीतरी हललं. ते उठले आणि डबा वाजवत तिकडे गेले.