रनवेच्या टोकाची झाडं

"मला दिसतं तेवढंच मी सांगतो," हे काकांचं ठरलेलं वाक्य. वैमानिकानं हवामान विचारलं की ते काउंटर सोडून बाहेर जात, रनवेच्या टोकाच्या झाडांकडे डोळे बारीक करून बघत आणि मगच उत्तर देत.

न्यूझीलंडच्या पार उत्तरेला, एका आडगावाबाहेर तो विमानतळ. एक खोली, एक वजनकाटा. मी दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात, टाकानिनी उपनगरात राहणारी नर्स. सोमवारी छोट्या विमानानं तिथल्या दवाखान्यात जायचे, गुरुवारी परतायचे. तिकीट बघणारे काका, बॅगा उतरवणारे काका आणि रनवेवर शिरलेल्या गाई हाकलणारेही तेच. काका म्हणायचे ते आपलं माझ्या मनात.

"किया ओरा, नर्स!" ते माओरीत नमस्कार करत. "आज गाईंनी परवानगी दिली वाटतं."

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी त्यांच्या बायकोच्या छातीत कळ आली. दवाखान्यात होतं ते सगळं आम्ही केलं. पण मोठं हॉस्पिटल रस्त्यानं तीन तासांवर. रुग्णांना नेणारं विमान मागवलं आणि तिला ॲम्ब्युलन्समधून घेऊन मी विमानतळावर आले. धुकं उतरलं होतं.

विमान वर घिरट्या घालत होतं. काकांच्या हातात रेडिओ.

"झाडं दिसतायत का?" वैमानिकानं विचारलं.

काका बघत राहिले. त्यांनी हो म्हणावं, खोटं का होईना, असं मला वाटत होतं. अजूनही आठवलं की लाज वाटते.

"नाही," ते म्हणाले. "कुंपणसुद्धा दिसत नाही. उतरू नका."

विमानाचा आवाज लांब गेला. काका ॲम्ब्युलन्समध्ये चढले. तिनं मास्क बाजूला करून विचारलं, "आलं का?"

"उतरलं. आता निघालोच आपण."

आम्ही रस्त्यानं निघालो. निम्म्या वाटेत ती गेली.

दोन आठवड्यांनी काका कामावर परतले. माझी बॅग पुढे केली. मला राहवलं नाही. "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात तर..."

"विमानात तिघं होते, नर्स."

डिसेंबरात, तिकडच्या उन्हाळ्यात, त्यांनी नोकरी सोडली. मार्चमध्ये मी घरी भेटायला गेले, तेव्हा ते परसात रताळी खणत होते. दुपारचं विमान छपरावरून गेलं. काकांनी मान वर केली नाही. मातीत हात घालून, फावडं लागून दुभंगलेली रताळी ते वेगळी काढत राहिले.