केबिनच्या आतला फोटो

श्रीकांतला मी फसवलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही, बायकोसमोरसुद्धा नाही. त्याला जाऊन आता महिना उलटला. "काका, बाबा गेले," असा त्याच्या मुलीचा धारहून फोन आला, तेव्हा मी देवासला घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. दुःख नंतर झालं, खूप झालं. पण त्याच्याही आधी मनात जे आलं ते असं... चला, आता त्याला कधीच कळणार नाही.

श्रीकांत धारच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा. ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावात राहून माणसानं रेल्वेचं वेड बाळगावं, यावरून मी त्याला भरपूर छळलंय. "धारकर, आधी गाडी तर येऊ द्या तुमच्याकडे!" त्यावर तो म्हणायचा, "देवासकर, तुमच्याकडे येते ना? मग कधी मान वर करून सिग्नल पाहिलायत?" वेड उगाच नव्हतं. त्याचे वडील महूच्या पुढे, घाटाखालच्या एका लहान स्टेशनावर केबिनमध्ये होते. केबिन म्हणजे रुळांच्या कडेची दुमजली खोली. वरच्या मजल्यावर चहूबाजूंनी खिडक्या आणि आत माणसाच्या छातीएवढ्या लोखंडी लीव्हरांची रांग. लीव्हर ओढला की तारेच्या ओढीनं दूरवरचा सिग्नल खाली यायचा. मूठ गंजू नये म्हणून वडील ती कधी उघड्या हातानं धरत नसत, फडक्यानं धरत. हे त्यानं वडिलांकडून ऐकलेलं, पाहिलेलं नव्हे. कारण वडील कडक. ड्यूटीवर असताना पोरानं जिन्याची पायरी चढायची नाही. हा खाली बसून लीव्हरांची खडखड ऐकायचा आणि डबा देऊन परत जायचा. वडील गेले, त्याचे स्वतःचे केस पिकले, तरी तो वर गेलेला नव्हता. दारावर पाटी होती : बाहेरच्यांना मनाई. केबिनवाला ओळखीचा झाला होता, "आ जाओ मास्साब, कौन देखता है" म्हणायचा. श्रीकांत हसून नको म्हणायचा. "लाइन बंद झाली की एकदा जाऊ," मला म्हणायचा. "पाडायच्या आधी. मी बाबांचं फडकं घेऊन जाईन. एक लीव्हर ओढीन, एक फोटो काढीन. बस. तू पण चल."

रविवारी तो धारहून बसनं यायचा, मी देवासहून मोटरसायकलवर. महूला पोहे-जलेबी खायची आणि निघायचं. तो जुन्या केबिनींचे फोटो काढायचा. विटा, जिना, खिडकीत उभा असलेला माणूस. आणि त्याचा एक नियम होता : ज्याची केबिन, त्याला प्रिंट. "डाक से नहीं, भिया, हाथ में." मग त्या प्रिंटसाठी पुढचा एखादा रविवार जायचा. मी वैतागायचो. वाटेत तो मागच्या सीटवरून लीव्हरांबद्दल समजावत राहायचा, कुठला कशाला अडवतो वगैरे. "ऐकतोयस ना?" मी हो म्हणायचो. ऐकत नव्हतो. मला फोटो हवे होते, लोखंडाची शिकवणी नको होती. आणि खरं सांगायचं तर फोटोही त्याचेच चांगले यायचे. इंदूरच्या प्रदर्शनात लोक विचारायचे, "वो धारवाले भिया के फोटो किधर लगे हैं?" मी शेजारीच उभा असायचो.

लहान लाइन, म्हणजे मीटरगेज, बंद झाली. रूळ उखडायचं काम ज्या ठेकेदाराकडे गेलं त्याच्याकडे माझा मेहुणा मुकादम होता. त्याचा फोन आला. "भाऊजी, परवा ती घाटाखालची केबिन पाडतोय. आतलं बरंचसं खोललंय. उद्या या, मी उघडून देतो. आणि ते तुमचे मास्साब, कब से पीछे लगे थे ना, उनको भी ले आना." मी बरं म्हटलं. फोन खिशात ठेवला. धारहून महू काही लांब नाही. कळवलं असतं तर तो शाळा सोडून पळत आला असता. मी कळवलं नाही. विसरलो, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी एकटाच आत शिरलो तेव्हा उन्हाचा पट्टा नेमका लीव्हरांवर पडला होता. दोन टोकांचे दोन लीव्हर ओढले तर मधली रांग चौकटीत बसवल्यासारखी दिसेल, असं वाटलं. ओढले. उघड्या हातानं. सहज आले. मला वाटलं, एवढं सोपं आहे, मग हा काय इतकं समजावत बसायचा! फोटो काढला.

चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. "पाडली रे... मी आत्ता इथे उभा आहे. नुसता ढिगारा." मी म्हटलं, "अरे अरे." एवढंच म्हटलं. पुढे माझा तो फोटो इंदूरच्या एका संस्थेच्या कॅलेंडरवर आला आणि मला त्याचं कौतुक ऐकायला मिळालं. श्रीकांतचाही फोन आला. "फोटो फार चांगला आहे," म्हणाला. मग, "कधी घेतलास?" उत्तर मी तयार ठेवलं होतं. "लाइन चालू होती तेव्हाच. एकटाच गेलो होतो, केबिनवाल्यानं घेतलं आत." "हां," म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला, पोहे खाल्ले, नेहमीसारखा मागे बसला. पुढे, घाटातले रूळ तेवढे ठेवले होते, त्यांवर पर्यटकांची जुनी गाडी सुरू झाली, तिथेही आम्ही जात राहिलो. लोक खिडकीतून स्वतःचे फोटो काढायचे, हा बोगद्याचे दगड. फक्त लीव्हरांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मला बरं वाटलं होतं.

तेराव्यानंतर मी धारला गेलो. त्याच्या खोलीत ते कॅलेंडर अजून लटकत होतं, वर्ष कधीच सरलेलं, पान तेच. इंदूरला जाऊन त्यानं ते स्वतः आणलं होतं, असं त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणाल्या. "काढू देत नव्हते. मलाही शिकवलं त्यावरून. हा बघा या टोकाचा लीव्हर, हा त्या टोकाचा. दोन्ही ओढलेत. चालू लाइनवर असं होतच नाही म्हणायचे, एक ओढला की दुसरा आतून अडकतो, नाहीतर दोन गाड्या समोरासमोर येतील. आतलं खोलल्यावरच दोन्ही येतात. म्हणजे हा पाडायच्या वेळचा फोटो." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. चहा पुढे सरकवला.

मी विचारलं, "मग मला का नाही बोलला तो?"

"मीही तेच म्हटलं, भाऊजी. तर म्हणाले, विचारलं तर तो पुन्हा खोटं बोलेल. मग रविवारी कुणाबरोबर जाऊ?"

कोपऱ्यात त्याची कॅमेऱ्याची बॅग होती. उघडून पाहिली. वरच्या कप्प्यात वडिलांचं फडकं, धुऊन घडी घातलेलं.

ज्याची केबिन, त्याला प्रिंट, हातात. ती केबिन त्याच्या वडिलांची होती, म्हणून त्याची होती. त्या फोटोची प्रिंट मी त्याला कधी दिली नाही. त्यानं कॅलेंडरच्या पानावर भागवलं. ती प्रिंट मी श्रीकांतला देणं लागतो.